खजराना : इंदूरच्या नगरनियोजनातील एक उपनगर

खजराना हे मध्य प्रदेशातील इंदूर शहराच्या पूर्व भागातील उपनगर. अहिल्याबाई होळकरांच्या काळातील गणेश मंदिरासाठी ख्यात असलेले हे मूळचे गाव शहराच्या विस्तारात महानगरपालिकेच्या हद्दीत सामावले. पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबारासाठी दोन खंडांचा नियोजन अहवाल सिद्ध केला. जुनी घरे सरसकट न पाडता वस्ती सुधारावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९७३ च्या नगर व ग्राम निवेश कायद्याने विकास आराखड्यांना वैधानिक आधार मिळाला. २०२१ पर्यंतचा आराखडा १ जानेवारी २००८ रोजी अमलात आला. जमीन योजनेत अडकली, की तिच्यावरील बांधकाम थांबते आणि भूखंडधारकाचे घर लांबणीवर पडते. त्यामुळे आराखड्यातील विलंबाचा भार अखेर रहिवाशांवरच येतो.