बी.एससी. आणि एलएल.बी. दोन्ही करायचंय? पुण्यातील पालकांनी आधी हा नियम वाचावा

मागच्या वर्षी आमची एक जुनी विद्यार्थिनी कोंढव्याहून वडिलांना घेऊन घरी आली. उर्दू माध्यमातून दहावी, मग सायन्स, मग मायक्रोबायोलॉजीत बी.एससी. अशी तिची वाटचाल. पुढे तिने सकाळी एम.एससी. आणि संध्याकाळी एलएल.बी. असे दोन्ही प्रवेश घेतले आणि वर्षभर दोन्हीकडे हजेरी लावली. मग लॉ कॉलेजने एक हमीपत्र पुढे केले: मी दुसरा कोणताही नियमित अभ्यासक्रम करत नाही. सही केली तर खोटी, नाही केली तर निकाल अडकणार. शेवटी तिने एम.एससी. सोडली. भरलेली फी गेली आणि वर्षही गेले. वडील एवढंच म्हणाले, "सर, मोबाईलवर तर आलं होतं, आता दोन डिग्र्या एकदम चालतात म्हणून."

मोबाईलवर आलेली बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची मुभा दिली. दोन्हीकडे प्रत्यक्ष वर्गात बसायचे असेल तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत; किंवा एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरस्थ वा ऑनलाईन चालतो. पीएच.डी. यातून वगळली आहे. पण त्याच मार्गदर्शक सूचनांत असेही म्हटले आहे की जिथे व्यावसायिक परिषदेचे नियम लागू असतील तिथे तेही पाळावे लागतील. वकिलीच्या शिक्षणावर बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम चालतात, आणि फॉरवर्ड झालेल्या मेसेजमध्ये हे वाक्य कधीच नसते.

बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदा शिक्षण नियमांतील सहावा नियम स्पष्ट आहे. एलएल.बी. करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच वेळी दुसरा पदवी, पदव्युत्तर किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रम नियमितपणे करता येत नाही. सूट आहे ती एकाच संस्थेच्या एकात्मिक दुहेरी पदवीला, भाषा किंवा संगणकाच्या छोट्या अर्धवेळ कोर्सला आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातील कोर्सला. सप्टेंबर २०२४ मध्ये कौन्सिलने परिपत्रक काढून विद्यार्थ्यांकडून तसे लेखी जाहीर करून घेणे बंधनकारक केले. कुठे नोकरी करत असाल तर तेही सांगायचे आणि मालकाचे ना-हरकत पत्र द्यायचे. म्हणजे लॅबमध्ये नोकरी करून संध्याकाळी लॉ करणाऱ्यांनीही हा कागद आधीच मिळवून ठेवावा. हजेरी ७० टक्के लागते, ती वेगळीच.

मग जीवशास्त्र आणि कायदा दोन्ही हवे असणाऱ्या मुलाने काय करायचे? पहिला रस्ता एकात्मिक बी.एससी. एलएल.बी.चा, पाच वर्षांचा. पुण्यातल्या बहुतेक लॉ कॉलेजांत पाच वर्षांचा कोर्स म्हणजे बी.ए. किंवा बी.बी.ए. एलएल.बी. असतो. विज्ञानासह हवा असेल तर बाहेर बघावे लागते. गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आणि भुवनेश्वरचे केआयआयटी ही त्यातली माहितीची नावे. खर्च, वसतिगृह आणि घरापासूनचे अंतर सगळ्यांना झेपेल असे नाही.

दुसरा रस्ता आमच्या मते आपल्या घरांसाठी जास्त सोयीचा: आधी बी.एससी., मग तीन वर्षांची एलएल.बी. बारावीनंतर एकूण सहा वर्षे, म्हणजे बी.ए. एलएल.बी.पेक्षा फक्त एक वर्ष जास्त. यासाठी पुणे सोडावे लागत नाही. कॅम्पातल्या आझम कॅम्पसमध्ये तर आबेदा इनामदार कॉलेज आणि ए.के.के. न्यू लॉ अकॅडमी एकाच आवारात आहेत. पूना कॉलेजमध्येही विज्ञान शाखा आहे. १९२४ पासूनचे आयएलएस लॉ कॉलेज सर्वांना ठाऊक आहेच. एम.एससी. करायचीच असेल तर एलएल.बी.च्या आधी करावी किंवा नंतर. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घ्यायला तीन वर्षांची पदवी पुरते. नव्या धोरणातले चौथे ऑनर्सचे वर्ष त्यासाठी सक्तीचे नाही.

इथे एका गोष्टीकडे पालकांचे लक्ष वेधायचे आहे, कारण ती उशिरा कळते. बारावी सायन्स झालेली हुशार मुलगी एक वर्ष वाचावे म्हणून बी.ए. एलएल.बी.ला जाते. वकील होते, छान होते. पण पुढे तिला पेटंट एजंट व्हावेसे वाटले तर दार बंद असते. पेटंट कायदा, १९७० च्या कलम १२६ नुसार त्यासाठी भारताचे नागरिकत्व, वयाची २१ वर्षे आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. बी.ए. एलएल.बी.त ती पदवी नसते. उलट नुसत्या बी.एससी.वर, वकिली न शिकताही, पेटंट एजंटची परीक्षा देता येते. शंभर गुणांचे दोन पेपर, पन्नास गुणांची तोंडी परीक्षा. प्रत्येक पेपरात ५० टक्के आणि एकूण ६० टक्के गुण लागतात. ही परीक्षा दरवर्षी होतेच असे नाही, म्हणून जाहीर झाली की संधी सोडू नये. पेटंट एजंट अर्जाचा मसुदा करतो आणि पेटंट कार्यालयापुढे बाजू मांडतो. उच्च न्यायालयात उभे राहायचे तर सनद हवी. दोन्ही हातात असलेला माणूस शेवटपर्यंत खटला नेऊ शकतो.

"पण असली कामं असतात कुठं?" हा प्रश्न आम्हाला अनेक अब्बांनी विचारला आहे. उत्तर पुण्यातूनच सुरू होते. इथे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट आहे. लस, बियाणे, औषध, जिवाणूंचे वाण या सगळ्यांमागे करार, परवाने आणि पेटंट असतात.

हळदीची गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, पण त्यातले वकिली काम लक्षात राहत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आपल्या आजी-नानी जे पिढ्यानपिढ्या करत आल्या तेच. पुण्याच्या रासायनिक प्रयोगशाळेचे आधीचे संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. त्यांच्या संस्थेने आव्हान दिले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. "आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे" एवढे सांगून ते रद्द होणार नव्हते. छापील पुरावा लागला: जुने ग्रंथ आणि १९५३ च्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख. शास्त्रज्ञाने तो शोधायचा आणि वकिलाने तो कलमात बसवायचा.

यातूनच पुढे २००१ च्या सुमारास पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय सुरू झाले. त्यात आयुर्वेद आणि सिद्ध यांच्याबरोबर युनानी ग्रंथांतील नुस्खेही आहेत, मूळ अरबी, फारसी आणि उर्दूतून घेतलेले. परदेशी पेटंट कार्यालये ते तपासतात. आपली मुले उर्दू म्हणजे फक्त शायरी आणि निकाहनामा असे समजतात. युनानी किताब मुळातून वाचू शकणारा, वनस्पतिशास्त्र शिकलेला आणि पेटंट कायदा जाणणारा माणूस किती दुर्मिळ असेल याचा त्यांनी विचार करावा.

दुसरे प्रकरण औषधाच्या किमतीचे. रक्ताच्या एका कॅन्सरवरील ग्लिव्हेक या गोळीच्या सुधारित स्फटिकरूपावर नोव्हार्टिस कंपनीला भारतात पेटंट हवे होते. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने ते नाकारले. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) प्रमाणे जुन्या पदार्थाचे नवे रूप पुरेसे नाही, त्याची गुणकारिता वाढलेली दिसली पाहिजे. औषध शरीरात ३० टक्के जास्त शोषले जाते म्हणजे ते जास्त गुणकारी झाले का, हा वादाचा मुद्दा होता. त्या वेळी कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये सांगितला जाई, तर भारतीय कंपन्यांच्या औषधाचा आठ ते दहा हजार. या खटल्यात प्रा. शमनाद बशीर यांनी अभ्यासक म्हणून न्यायालयापुढे स्वतंत्र मांडणी केली होती. गरीब घरांतील मुलांना चांगल्या लॉ कॉलेजपर्यंत पोहोचवणारी इडिया ही संस्थाही त्यांचीच. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

पेटंटपलीकडेही पुण्यात काम आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ २०१३ पासून इथेच आहे. महाराष्ट्र, गुजरात, गोव्याची प्रकरणे तिथे येतात. नदीच्या पाण्याचा अहवाल हातात आल्यावर त्यातला बीओडीचा आकडा वाचता येणारा वकील तिथे उपयोगी पडतो. फौजदारी बाजूला १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. ते कधीपासून, हे ठरवायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे डीएनए अहवालाची उलटतपासणी वाढणार. निरपराध अडकलेल्या पोराचा वकील तो अहवाल न वाचताच "मान्य" म्हणून मोकळा झाला तर काय होते, हे वेगळे सांगायला नको.

भाषेचे थोडे बोलू, कारण आम्ही रोज वर्गात ते बघतो. उर्दू शाळेत मूल 'खलिया' शिकते, मराठी पुस्तकात तीच 'पेशी' होते, कॉलेजात 'सेल'. आणि घरात 'पेशी' म्हटले की आजोबांना कोर्टाची तारीख आठवते. तीन भाषांचा हा घोळ पहिल्या वर्षी फार छळतो. बी.एससी.ची तीन वर्षे इंग्रजी वाचायची सवय लावतात, म्हणून त्यानंतरची एलएल.बी. सोपी जाते, असा आमच्या विद्यार्थ्यांचा अनुभव आहे. लॉ सीईटी मराठीतूनही देता येते.

पैशांचे गणित आधीच मांडावे. तीन वर्षांच्या एलएल.बी. सीईटीसाठी पदवीला खुल्या वर्गात ४५ टक्के, ओबीसीला ४२ टक्के गुण लागतात. मोमीन, पिंजारी, अत्तार अशा आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत, पण जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर वेळेवर काढलेला नसतो. मुलींसाठी २०२४-२५ पासून राज्य शासनाची शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे: कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत, वर्ग ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा खाजगी विद्यापीठात प्रवेश घेतला तर ती मिळत नाही. ओबीसीत न बसणाऱ्या घरांनी ईडब्ल्यूएस दाखल्याची चौकशी करावी. सनदेची नोंदणी फी ३० जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खुल्या वर्गाला ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. अखिल भारतीय बार परीक्षाही द्यायची असते. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर वकिली करता येत नाही, सनद स्थगित ठेवावी लागते. कंपनीत जायचे की कोर्टात, हे तेव्हा ठरवावे लागेल.

आमची ती विद्यार्थिनी आता एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोबत इग्नूचा बौद्धिक संपदा हक्कांचा पदव्युत्तर डिप्लोमा करते आहे. दूरशिक्षणाचा असल्याने त्याला नियमाची आडकाठी नाही, आणि हमीपत्रात तिने तो लिहूनही दिला आहे. बी.एससी.च्या शेवटच्या वर्षातली मुले निकालाआधीच सीईटीला बसू शकतात. नोंदणी साधारण हिवाळ्यात सुरू होते. दाखल्यांच्या रांगेला त्याआधी दोन महिने तरी लागावे.