सान सीरोचा एक गुण

शनिवार, ३० एप्रिल १९४९. मिलान, सान सीरो.

इंटर ०, तोरिनो ०. बघायला रटाळ आणि कागदावर सोन्याचा असा हा निकाल. इटलीच्या लीगमध्ये तेव्हा विजयाला दोन गुण मिळत आणि बरोबरीला एक. अडतीसपैकी चौतीस सामने झाले होते आणि तोरिनो दुसऱ्या क्रमांकावरच्या इंटरच्या चार गुण पुढे होता. उरलेल्या चार सामन्यांत इंटरने तोरिनोला मागे टाकायचं म्हणजे तोरिनोने ठरवून माती खायला हवी होती. पण घरच्या फिलाडेल्फिया मैदानावर सहा वर्षांत लीगचा एकही सामना न हरलेला हा संघ. त्या रात्री तुरिनमधल्या चाहत्यांनी सलग पाचवं विजेतेपद मनातल्या मनात खिशात टाकलं असणार. मी असतो तर टाकलंच असतं.

लिस्बनला बेन्फिकाविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळायला जायचं होतं. ऐन लीगच्या शेवटी हे कशाला, म्हणून तोरिनोचे अध्यक्ष फेर्रुचो नोवो नाखूश होते. अखेर त्यांनी होकार दिला तो एका अटीवर, असं सांगतात. अट ही, की मिलानमध्ये हरायचं नाही.

हरले नाहीत.

सुपेर्गाच्या विमान अपघाताची गोष्ट सांगताना लोक धुक्यावर बोलतात, उंचीमापकावर बोलतात, नशिबावर तर हमखास बोलतात. माझं बोट मात्र दर वेळी या गोलशून्य बरोबरीवर अडतं. ज्या गुणाने विजेतेपद जवळजवळ पक्कं केलं, त्याच गुणाने विमानाचं तिकीट काढलं. तोरिनोच्या चाहत्याने त्या गुणाचा आनंद मानायचा तरी कसा?

मंगळवार, ३ मे. लिस्बन.

निमित्त बेन्फिकाचा कर्णधार फ्रान्सिस्को फेरेरा याच्या गौरव सामन्याचं. फेब्रुवारीत जेनोआला इटलीने पोर्तुगालला ४-१ असं हरवलं, तिथे त्याची आणि तोरिनोचा कर्णधार वालेंतिनो मात्सोला याची मैत्री जुळली होती. मात्सोलाने शब्द दिला होता. तब्येत बरी नसतानाही तो गेला.

हा मात्सोला म्हणजे काय चीज होती ते सांगायलाच हवं. घरच्या मैदानावर संघ ढेपाळतोय असं दिसलं की स्टँडमधून एक रेल्वेवाला तुतारी फुंकायचा. मात्सोला शर्टाच्या बाह्या वर सरसवायचा आणि पुढची पंधरा मिनिटं प्रतिस्पर्ध्याची काही खैर नसायची. मे १९४७ मध्ये हंगेरीविरुद्ध इटलीच्या अकरा खेळाडूंपैकी दहा जण या एकट्या क्लबचे होते. पुढच्या हंगामात त्यांनी लीगमध्ये १२५ गोल केले. चाहता म्हणून मी थोडं फुगवून सांगत असेन, असं वाटणाऱ्याने जुने गुणतक्ते उघडून पाहावेत.

लिस्बनला तुतारीवाला नव्हता. ओस्सोला, बॉन्जोर्नी आणि मेंती यांनी गोल केले, तरी सामना बेन्फिकाने ४-३ असा जिंकला. मैत्रीचा सामना, कुणाला फारसं वाईट वाटलं नाही.

बुधवार, ४ मे. सकाळी ९:४०.

तीन इंजिनांचं फियाट जी-२१२ विमान लिस्बनहून उडालं. आत एकतीस माणसं होती. अठरा खेळाडू, हंगेरियन एग्री एर्बश्टाइन आणि इंग्रज लेस्ली लिव्हज्ली हे दोघे प्रशिक्षक, मालिशवाला, क्लबचे पदाधिकारी, दौऱ्याचा आयोजक, तीन पत्रकार आणि चार कर्मचारी. पत्रकारांत ‘तुत्तोस्पोर्त’चे संस्थापक रेनातो कासालबोरे होते. एर्बश्टाइन ज्यू. वंशद्वेषी कायद्यांमुळे त्यांना इटली सोडावी लागली होती. बुडापेस्टमधल्या कत्तलीतून ते जिवंत सुटले आणि युद्धानंतर याच क्लबकडे परतले.

कोण नव्हतं, तीही यादी आहे. बचावपटू सौरो तोमा गुडघ्याच्या दुखापतीमुळे घरी राहिला. अध्यक्ष नोवो ब्राँकायटिसने आजारी होते. रेडिओवरचा प्रसिद्ध आवाज निकोलो कारोझियो मुलाच्या धार्मिक विधीसाठी थांबला. दुसऱ्या गोलरक्षकाच्या जागी तिसरा, दिनो बाल्लारिन, गेला. त्याचा भाऊ आल्दो संघात होताच. अशा यादीचा लोकांना मोह पडतो, मलाही पडतो. पण कुठल्याही विमानाची अशी यादी काढता येते. ते विमान सुखरूप उतरलं तर ती कुणी काढत नाही, इतकंच.

दुपारी १:००. बार्सेलोना.

इंधनासाठी थांबा. विमानतळावर माद्रिदला निघालेला एसी मिलानचा संघ भेटला. दोन्ही संघांच्या गप्पा झाल्या. लीगमधले प्रतिस्पर्धी परक्या देशात भेटले की कसे एकदम गाववाले होतात, तसंच झालं असणार.

२:५०.

विमान पुन्हा उडालं. फ्रान्सच्या किनाऱ्याने तुलाँ, नीस, मग इटलीत आल्बेंगा आणि सावोना. सावोनापाशी समुद्र सोडून उत्तरेला वळायचं. तिथून तुरिन साधारण अर्ध्या तासावर.

४:५५.

तुरिनच्या एरितालिया विमानतळाने हवामान कळवलं. ढग जवळजवळ जमिनीला टेकलेले, पावसाच्या सरी, नैर्ऋत्येचा झोडपणारा वारा, समोरचं दिसतं ते फक्त चाळीस मीटरपर्यंत. फुटबॉलच्या मैदानात मध्यरेषेवर उभं राहिलं तर गोलपोस्ट दिसणार नाही, अशी ही हवा. विमानाची जागाही विचारली. काही मिनिटं उत्तर आलं नाही.

मिलानच्या माल्पेन्सा विमानतळाकडे वळता आलं असतं, असं आज म्हणणं सोपं आहे. ते का वळले नाहीत, याचं खात्रीचं उत्तर द्यायला त्या विमानातलं कुणी उरलं नाही. रविवारचा सामना जवळ आला होता म्हणून, खेळाडूंना घरी जायचं होतं म्हणून, असे तर्क पुष्कळ आहेत. वैमानिक पिएरलुइजी मेरोनी हवाई दलातला अनुभवी माणूस होता; त्याच्यावर बेफिकिरीचा शिक्का मारायला माझं मन धजत नाही.

४:५९.

उत्तर आलं. उंची २,००० मीटर. पिनोच्या रेडिओ केंद्राची दिशा धरतो आणि मग सुपेर्गाकडून आत येतो.

इथे तुरिनचा नकाशा डोळ्यांपुढे हवा. शहर सपाटीवर आहे आणि पूर्वेला, पो नदीपलीकडे, टेकड्या. पिनो तोरिनेजे या गावात विमानांना दिशा देणारं रेडिओ केंद्र होतं. त्याच्या रोखाने टेकड्या ओलांडायच्या, डावीकडे वळायचं की धावपट्टी समोर. त्याच टेकड्यांत, पिनोच्या उत्तरेला, सुमारे ६७० मीटर उंचीचा सुपेर्गा आहे आणि त्याच्या माथ्यावर बॅसिलिका. १७०६ मध्ये फ्रेंचांच्या वेढ्यातून शहर सुटलं, तेव्हा केलेला नवस फेडायला सावॉय घराण्याच्या राजाने युव्हारा या वास्तुकाराकडून ती बांधून घेतली. आकाश निरभ्र असलं की शहरातून ती कुठूनही दिसते. ज्या इमारतीकडे बघून तुरिनकर दिशा ठरवतो, ती त्या दिवशी चाळीस मीटरच्या पलीकडे होती.

५:०२.

विमानाने पिनोची दिशा पुन्हा विचारली. उत्तर मिळालं, २८० अंश.

५:०३.

विमान डावीकडे वळलं, सरळ झालं आणि ताशी सुमारे १८० किलोमीटरच्या वेगाने बॅसिलिकेच्या मागच्या भिंतीवर आदळलं. एकतीसपैकी कुणीही वाचलं नाही.

जोरदार वाऱ्याने विमान पिनोच्या रेषेवरून उजवीकडे, सुपेर्गाच्या रेषेवर ढकललं गेलं असावं. उंचीमापक २,००० वर अडकला असावा आणि प्रत्यक्षात विमान ६०० मीटरच्या आसपास असावं. दोन्ही अंदाजच. पण दोन्ही एकत्र ठेवले की त्या कॉकपिटमधला शेवटचा क्षण कळतो: आपण सुरक्षित उंचीवर आहोत, असं ठामपणे मानणाऱ्या माणसांसमोर अचानक भिंत.

५:०५.

विमानतळाने पुन्हा हाक दिली.

संध्याकाळ.

मृतदेह ओळखायचं काम विट्टोरियो पोत्सो यांच्याकडे आलं. इटलीला १९३४ आणि १९३८ चे विश्वचषक जिंकून देणारे हेच प्रशिक्षक. यातल्या अनेकांना त्यांनीच राष्ट्रीय संघाचे निळे शर्ट घातले होते. मात्सोलाचा मुलगा सांद्रो तेव्हा सहा वर्षांचा होता. मोठा झाल्यावर तोही नामवंत फुटबॉलपटू झाला, पण खेळला इंटरकडून. सान सीरोवर.

शुक्रवार, ६ मे.

अंत्ययात्रेला पाच लाखांहून अधिक लोक लोटले. महासंघाचे अध्यक्ष ओत्तोरिनो बारास्सी यांनी सामन्याआधी संघ जाहीर करावा तशी एकेक नावं पुकारली. पुढच्याच वर्षी इटलीचा संघ विश्वचषकासाठी ब्राझीलला गेला तो जहाजाने.

उरलेले चार सामने.

ते तोरिनोच्या कुमार संघाने खेळले. जेनोआ, पालेर्मो, सांपदोरिया, फिओरेंतिना या चौघांनीही आपापली कुमार मुलं उतरवली. तोरिनोच्या पोरांनी चारही सामने जिंकले. अंतिम तक्ता: तोरिनो ६०, इंटर ५५.

हे विजेतेपद सहानुभूतीचं, असं कुणी म्हटलं की मी हिशोब मांडतो. शेवटच्या चार सामन्यांत इंटरने आठपैकी सात गुण मिळवले, म्हणजे त्यांनी काही पाय मागे घेतला नव्हता. तोरिनोकडे ५२ होतेच. चार सामन्यांतून चार गुण मिळाले असते तरी पुरले असते, आणि या संघाला चार सामन्यांत चार गुण मिळवता आले नसते असं इंटरचा चाहतासुद्धा म्हणणार नाही. त्या ५२ मध्ये सान सीरोचा तो एक गुण आहे. तो वजा करून इंटरच्या खात्यात एकाऐवजी दोन टाकले, म्हणजे तोरिनो तो सामना हरला असं धरलं आणि पुढचं सगळं तसंच ठेवलं, तर तक्ता येतो ५९ विरुद्ध ५६. विजेता तोरिनोच. आणि नोवोंची अट धरली, तर लिस्बनचा सामनाच नाही.