गिधाडं गेली कुठं? उत्तर आपल्याच गोठ्यात आहे



चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की थोड्याच वेळात आभाळातून गिधाडं उतरायची, अन् बघता बघता नुसता सांगाडा उरायचा. आज तिथं कुत्र्यांच्या झुंडी दिसतात.

ही गिधाडं कुणी बंदुकीनं मारली नाहीत. 1990 नंतर राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात ती माना टाकून बसलेली अन् पटापट मरताना दिसू लागली. बीएनएचएसचे डॉ. विभू प्रकाश यांनी ती घट नोंदवली. आधी वाटलं, साथ असेल. 2004 साली पाकिस्तानातल्या संशोधनातून खरं कारण कळलं, ते म्हणजे डायक्लोफिनॅक. ताप, सूज, लंगडणं यांवर आपण जनावराला द्यायचो तेच स्वस्तातलं इंजेक्शन.

औषध दिल्यावर एक-दोन दिवसांत जनावर दगावलं, तर औषधाचा अंश मांसात राहतो. ते मांस खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडतं अन् काही दिवसांत ते मरतं. शंभरात एकापेक्षाही कमी मढ्यांत हे विष असलं तरी एवढा नाश पुरेसा होता, असं अभ्यासकांनी गणितानं दाखवलं. कारण एका मढ्यावर अख्खा थवा उतरतो, अन् गिधाडाची मादी वर्षाला अंडं घालते एकच. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली.

2006 मध्ये सरकारनं जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तरी माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून 2015 मध्ये ती बाटली 3 मिलीची केली. 2023 मध्ये किटोप्रोफेन अन् अॅसिक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झाले. हरियाणात पिंजोरला गिधाडांची पैदास चालू आहे. तिथली काही 2024 मध्ये आपल्या पेंच अन् ताडोबात आणली. पण पिंजऱ्यातून सुटलेलं गिधाड शेवटी कुणाच्या तरी मेलेल्या बैलावरच उतरणार. त्या बैलाला काय टोचलं होतं, हे आपल्या हातात आहे.

म्हणून एवढंच करा. डॉक्टरांना विचारा, "मेलॉक्सिकॅम चालेल का?" ते गिधाडांना सुरक्षित ठरलंय. मेडिकलमधून माणसांचं औषध आणून स्वतः टोचू नका. अन् कुठलं इंजेक्शन दिलं होतं हे नक्की माहीत नसेल, तर मेलेलं जनावर उघड्यावर न टाकता खोल खड्डा घेऊन पुरा.

तुमच्या भागात शेवटचं गिधाड कधी पाहिलंत? गाव अन् साल खाली लिहा.