ठगांची परवल आणि जबलपूरची कचेरी

अनोळखी टोळीतला ठग ओळखण्यासाठी ठगांकडे परवलीचे अभिवादन होते : मुसलमानासाठी 'औले खान, सलाम', हिंदूसाठी 'औले भाई, रामराम'. 'औले' म्हणजे ठग. 'तमाखू लाओ' असे सहज वाटणारे वाक्य वाटसरूच्या गळ्याला रुमाल आवळण्याची खूण ठरे. 'रामसी' नावाची ही बोली तोंडी चाले, तिची वही नव्हती. पण परवल सगळ्यांची एकच असल्याने एक जण फुटला की सगळ्यांचीच फुटे.

सीताबर्डीच्या लढाईनंतर जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. तिथे कंपनीचा अधिकारी विल्यम स्लीमन याने परवलीतली नेमकी हीच कमजोरी हेरली. पकडलेल्या ठगांना फाशी टाळून त्याने माफीचे साक्षीदार केले, त्यांच्याकडून टोळ्यांच्या वंशावळी आणि शब्द उतरवून घेतले. 1835 मध्ये तो ठगी खात्याचा मुख्य अधीक्षक झाला. 1836 मध्ये रामसीचा कोश, 'रामसियाना', कलकत्त्यात छापून निघाला. त्याच वर्षीच्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्याच गुन्ह्याला जन्मठेप ठरली. साक्षीदारांना पुढे जबलपुरातच तंबू शिवायला आणि गालिचे विणायला बसवले. 'रामसियाना' कोशावर इतिहासकारांनी शंका घेतल्या, आणि त्या रास्त आहेत : जीव वाचवायला बोलणारा माणूस विचारणाऱ्याला हवे तेच सांगतो.

सव्वाशे वर्षांनी संगणकांनी ठगांचीच चूक केली, एका जागी फुटले की सगळ्यांचेच फुटे; शिवाय वहीही ठेवली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सीटीएसएस यंत्रणेत सर्वांचे पासवर्ड एका फाइलमध्ये जसेच्या तसे असत. 1962 मध्ये ॲलन शेर या संशोधकाने जास्त संगणक-वेळ मिळवण्यासाठी ती फाइल सरळ छापून घेतली. इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये रॉजर नीडहॅम यांनी वेगळी वाट काढली : पासवर्ड ठेवायचाच नाही, त्यावर उलट न फिरवता येणारी गणिती क्रिया करून फक्त उत्तर, म्हणजे हॅश, ठेवायचे. मात्र दोघांचा पासवर्ड एकच असला तर हॅशही एकच येई, आणि शब्दकोशातल्या शब्दांचे हॅश आधीच काढून ठेवणाऱ्या चोराचे फावे. 1979 मध्ये मॉरिस आणि थॉम्सन यांनी युनिक्स या संगणक-प्रणालीतला त्यावरचा उपाय मांडला. प्रत्येक पासवर्डात वेगळी यादृच्छिक भर, म्हणजे सॉल्ट, मिसळायची आणि क्रिया मुद्दाम संथ करायची. संगणक वेगवान होत गेले तसा तो संथपणा अपुरा पडला. 1999 च्या बीक्रिप्ट या हॅश-पद्धतीत तो गरजेप्रमाणे वाढवता येतो.