कुलूप माझं, सामान कोणाचं?

गेल्या वर्षी न्यू जर्सीतलं घर सोडलं आणि नवं मिळेपर्यंत अख्खा संसार एका पत्र्याच्या खोक्यात भरला. ट्रक खोकं दारात ठेवतो, आपण भरायचं, कुलूप आपलं, मग ट्रक ते त्यांच्या गोदामात नेतो. करार न वाचताच सही केली (सॉफ्टवेअरवाले आम्ही, 'आय अ‍ॅग्री' दाबायची सवय!). कार्डाची मुदत संपली, हप्ता चुकला आणि पत्र आलं: पैसे भरा, नाहीतर 'लीन' लावून लिलाव. आत आजीचं घंगाळ आणि बाबांची पत्रं होती. पैसे लगेच भरले, पण हे लीन प्रकरण काय ते बघायचंच ठरवलं.

लीन म्हणजे धारणाधिकार. जुन्या इंग्लिश कायद्यात मजुरी मिळेपर्यंत कारागीर वस्तू अडवून ठेवू शकायचा. फक्त अडवायची, विकायची नाही! आपल्या १८७२च्या करार कायद्याचं कलम १७० हेच सांगतं. त्यात उदाहरणही आहे: पैलू पाडायला दिलेला हिरा मजुरी मिळेपर्यंत जवाहिऱ्याने ठेवून घ्यावा. विकण्याचा हक्क तिथे नाही.

अमेरिकेत गोदामवाल्यांना तोही मिळाला. 'युनिफॉर्म कमर्शियल कोड'च्या कलम ७-२१० प्रमाणे नोटीस द्या, जाहिरात द्या, लिलाव करा. कोर्टाची पायरी चढायचीच नाही.

१९७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट व्हर्नन इथे शर्ली ब्रुक्स या बाईंना घरातून बाहेर काढलं आणि त्यांचं सामान फ्लॅग ब्रदर्सच्या गोदामात गेलं. बिलावरून वाद झाला, आणि विक्रीची धमकी देणारं पत्र आलं. (माझं पत्र आठवलं!) बाई कोर्टात गेल्या: सुनावणीशिवाय माझी मालमत्ता कशी विकता? १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की विकणारा खासगी गोदामवाला आहे, सरकार नव्हे, म्हणून घटनेतलं ते संरक्षण इथे लागू नाही. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधी मत लिहिलं. मला तेच पटलं. कायद्याने हातात दिलेली ताकद खासगी कशी?

पुढे सेल्फ स्टोरेज आलं. तिथे कुलूप भाडेकरूचं, म्हणजे मालक सामान सांभाळत नाही, नुसती जागा देतो. मग गोदामाचा लीन लागणार कसा? म्हणून राज्यांनी वेगळे कायदे केले. कॅलिफोर्नियाचा १९८१ मधला. आणि माझं खोकं? कुलूप माझं, पण गोदाम त्यांचं. भाडेकरू की ठेवीदार? जुन्या दोन्ही चौकटींत ते नीट बसत नाही, म्हणून सगळा भार करारावर आणि राज्याच्या कायद्यावर.

एक अपवाद मात्र आवडला. २००३च्या कायद्याने सैनिक सेवेत असताना आणि नंतर ९० दिवस त्याचं सामान कोर्टाच्या आदेशाशिवाय विकता येत नाही. म्हणजे कोर्टाची पायरी ठेवणं अशक्य नाही तर!

असो. घंगाळ घरी आलंय. आणि आता करार वाचतो, शेवटच्या पानापर्यंत.