जड गोळी, हलकी बंदूक

4 ऑक्टोबर 1857 रोजी सिन्नरजवळच्या नांदूर शिंगोट्याला भागोजी नाईकांच्या भिल्लांनी पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्रीला गोळी घालून ठार केलं. त्याच्या जागी आलेल्या कॅप्टन नटॉलनं अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातले महादेव कोळी गोळा करून पलटण उभारली. गडद हिरवी कुडती, पिळाचं हिरवं पागोटं, पायात वहाणा आणि खांद्यावर संगिनीची हलकी बंदूक. याच समाजातल्या देवगावच्या राघोजी भांगऱ्यांना सरकारनं 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं होतं. दहा वर्षांच्या आत त्याच सरकारला कोळ्यांच्या हाती बंदूक द्यावी लागली!

रतनगडाच्या कड्यांवर धावणाऱ्याला हलकं हत्यारच बरं. पण गोळी तेवढीच जड ठेवून बंदूक हलकी केली, की खांद्याला बसणारा दणका वाढतो. ठासणीच्या बंदुकीत याला उपाय एकच, दारू मापून घालणं. मूठभर जादा दारू गजानं ठासली, तर नळी फुटून हात गेलाच म्हणून समजा.

साहेबांच्या कमरेला तेव्हा नवलाईचं रिव्हॉल्व्हर होतं. कुणाकडे अमेरिकन कोल्ट, कुणाकडे लंडनचं अ‍ॅडम्स. कोल्टच्या 'नेव्ही'ची गोळी सुमारे पाच ग्रॅमची. 54 बोअरच्या अ‍ॅडम्सची त्याहून बरीच जड. एक पौंड शिशातून सारख्या चोपन्न गोल गोळ्या पडतात, तो 54 बोअर. शेतकऱ्याच्या बारा बोअरचा हिशेबही तोच. 1857 च्या धुमाळीत एका अधिकाऱ्यानं धावून आलेल्या शिपायावर कोल्ट रिकामं केलं, तरी शिपायानं तलवारीनं त्याचं डोकं फोडलं, असा किस्सा कर्नल फॉसबेरी पुढे सांगत असे. किस्सा खरा असो-नसो, ब्रिटिश सैन्याला जड गोळीची ओढ लागली ती लागलीच.

जड गोळीची खोड मात्र निराळी. एक बार उडाला, की हिसक्यानं शेजारच्या घरातल्या सैल गोळ्या पुढे सरकतात, चकरीबाहेर डोकावतात आणि चकरी अडते. गोळी जितकी जड, तितकी ती जास्त सरकते. सुरुवातीच्या अ‍ॅडम्समध्ये गोळी अंगठ्यानं दाबून बसवायची असल्यानं हा त्रास हटकून व्हायचा. पुढे सुधारलेल्या बोमाँट-अ‍ॅडम्समध्ये गोळी ठासायचा दांडा आला. पितळी काडतुसं आल्यावर काडतुसाचं तोंडच गोळीभोवती आवळू लागलं.

1887 मध्ये सैन्यानं वेब्ली घेतलं. त्याच्या .455 काडतुसात सतरा ग्रॅमची शिशाची गोळी असे, पण वेग सेकंदाला जेमतेम दोनशे मीटर. वजन भरपूर, दाब बेताचा, हाच सगळा हिशेब. धूर न करणारी दारू रुळल्यावर 1913 च्या नमुन्यात चकरी मुद्दाम रुंद केली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हीच रिव्हॉल्व्हरं स्वस्तात विकली गेली. चकरी मागून घासून त्यांत .45 ची पिस्तुलाची काडतुसं घालायची युक्ती निघाली. काडतूस बसायचं बिनचूक, पण त्याचा दाब वेब्लीच्या पोलादाला झेपणारा नव्हता.

भारतात .455 आज प्रतिबंधित बोअरांत मोडतं. परवानाधारकाला कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .32 मिळू शकतं, आणि त्याची गोळी वेब्लीच्या गोळीच्या निम्म्याहूनही हलकी.