पाळीच्या वेदनेचा पुरावा

एंडोमेट्रिओसिस हा तिशीतल्या, मूल नसलेल्या बायकांचा आजार आहे, ही समजूत विसाव्या शतकात बराच काळ वैद्यकात पक्की होती. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी या आजारात गर्भाशयाबाहेर रुजतात. त्या अंडाशयावर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावरही आढळतात. तिथे दाह होतो, व्रण धरतात, अवयव एकमेकांना चिकटतात. यातले काहीही घडायला तिशी गाठावी लागत नाही. मग चौदा-पंधरा वर्षांच्या मुली या चित्रातून वगळल्या कशा गेल्या? त्यांना हा आजार होत नाही असे कोणीही सिद्ध केलेले नव्हते. त्यांना तपासलेच गेले नव्हते, आणि तपासणीच्या नोंदींतली ती रिकामी जागा ‘आजार नाही’ अशी वाचली गेली.

अमेरिकेत ऑल्बनी येथे जॉन सॅम्पसन या शल्यविशारदाने १९२१ साली अंडाशयातल्या, जुन्या रक्ताने भरलेल्या ‘चॉकलेट’ गाठींचे वर्णन केले. पाळीचे थोडे रक्त बीजनलिकांतून उलटे पोटात जाते आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात, ही उपपत्ती त्याने १९२७ मध्ये सविस्तर मांडली. ती खरी धरली तर आजाराची सुरुवात पाळीच्या पहिल्या काही वर्षांतच शोधायला हवी होती. पण निदान व्हायचे ते पोट उघडल्यावरच, आणि पोट उघडले जायचे ते बहुधा विवाहित, मूल होत नसलेल्या, शस्त्रक्रियेचा खर्च पेलणाऱ्या बाईचे. बॉस्टनच्या जो मिग्ज यांना खासगी रुग्णांमध्ये हा आजार धर्मादाय विभागापेक्षा पुष्कळ अधिक दिसला. त्यांनी त्याचा दोष उशिरा होणाऱ्या लग्नांना आणि कमी बाळंतपणांना दिला, आणि लवकर लग्न, लवकर मूल हा उपाय सुचवला. पुढे तर याला नोकरी-व्यवसाय करणाऱ्या बाईचा आजार म्हटले जाऊ लागले. १९७६ मध्ये शिकागोच्या डोनल्ड चॅटमन यांनी लॅपरोस्कोपी (लहान छेदातून दुर्बिणीने पोटात पाहणे) केलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या सुमारे एक पंचमांश जणींना एंडोमेट्रिओसिस होता, आणि त्यांच्यापैकी अनेकींवर आधी ओटीपोटातल्या जंतुसंसर्गाचा शिक्का बसलेला होता. ज्यांच्या पोटात पाहिले त्यांच्यात आजार सापडत होता. वर्ग, वर्ण आणि वय हे आजाराने नव्हे, पाहणाऱ्यांनी ठरवले होते.

मुलींच्या बाबतीत हे न पाहणे अधिक काळ टिकले. जॉन फॅलन यांनी १९४६ मध्येच तरुण वयातल्या एंडोमेट्रिओसिसवर अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात लिहिले होते. तरीही अविवाहित मुलीच्या पोटावर केवळ दुखते म्हणून सुरी चालवायला कोण धजणार? आणि तिचे दुखणे कशामुळे, याचे तयार उत्तर हाताशी होतेच. १८७३ साली हार्वर्डशी संबंधित एडवर्ड क्लार्क यांनी असा दावा केला होता की पाळीच्या वयात अभ्यासाचा ताण मुलींच्या शरीराची हानी करतो. मेरी पटनम जॅकोबी यांनी १८७६ मध्ये स्त्रियांकडून माहिती मागवून, नाडीचे आलेख काढून त्याला उत्तर दिले. (फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून जॅकोबी शिकल्या, तिथूनच १८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी पदवी घेऊन बाहेर पडल्या.) पाळी म्हणजे आजारपण नव्हे, हे ठासून सांगणे तेव्हा मुलींच्या शिक्षणासाठी अत्यावश्यक होते. मात्र नंतरच्या डॉक्टरांनी त्यातून भलताच धडा घेतला: पाळी नैसर्गिक, म्हणून तिची तीव्र वेदनाही नैसर्गिक, आणि जिला ती सोसत नाही तिच्या मनातच काहीतरी बिघाड. १९५७ मध्ये शेफील्डच्या पिकल्स यांनी पाळीच्या स्रावात गर्भाशयाला आकुंचन आणणारे द्रव्य असल्याचे दाखवले. पुढे ती प्रोस्टाग्लँडिन्स असल्याचे कळले. वेदनेला रसायन होते, मोजता येणारे. तरी ‘लग्न झाले, एक मूल झाले की थांबेल’ हे वाक्य आपल्याकडेही घराघरात आणि दवाखान्यांतही आजतागायत ऐकू येते.

बदल घडवला तो दुर्बिणीने. पॅरिसमध्ये राउल पामर यांनी १९४० च्या दशकात स्त्रीरोगांसाठी लॅपरोस्कोपी रुजवली, आणि पॅट्रिक स्टेप्टो यांच्या १९६७ च्या पुस्तकानंतर ती इंग्रजी जगात पसरली. लहानशा छेदातून आत पाहता येऊ लागल्यावर बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात डोनल्ड गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ ओटीपोट दुखणाऱ्या १४० किशोरवयीन मुली तपासल्या. १९८० च्या त्यांच्या अहवालानुसार ४७ टक्के मुलींमध्ये एंडोमेट्रिओसिस होता. पाहूनही न दिसण्याची अडचण मात्र होतीच. शल्यविशारदांना काळे-निळे डाग शोधायला शिकवलेले असायचे. मुलींमध्ये ते अनेकदा लाल, पांढरे किंवा पाण्याच्या थेंबासारखे पारदर्शक असतात. १९८६-८७ च्या सुमारास जॅन्सेन व रसेल आणि डेव्हिड रेडवाइन यांनी हे नोंदवल्यानंतर कित्येक ‘निर्दोष’ पोटांचा अर्थ नव्याने लावावा लागला.

इथे एक रास्त आक्षेप येतो. बॉस्टनला पोचलेल्या मुली मुळातच औषधांना दाद न देणाऱ्या होत्या. त्यांच्यावरून सगळ्या मुलींबद्दल निष्कर्ष कसा काढायचा? काढू नयेच. बहुसंख्य मुलींची पाळीतली वेदना या आजाराशिवायची असते आणि वेदनाशामक, दाहविरोधी गोळ्या योग्य मात्रेत, वेळेवर घेतल्या तर आटोक्यात येते. दुसरा आक्षेप असा की पोटात डाग सापडला म्हणजे वेदनेचे कारण सापडले असे होत नाही. डाग आणि वेदना यांचे प्रमाण जुळत नाही, हे खरेच आहे. पण दोन्ही आक्षेपांतून निघते ती पायरीपायरीने जाण्याची शिस्त. मुलीला थांबवून ठेवणे त्यांतून निघत नाही. अमेरिकी प्रसूती व स्त्रीरोग संघटनेने २०१८ मध्ये तीच शिस्त सांगितली: आधी गोळ्या, मग हार्मोन-उपचार, तीन ते सहा महिन्यांत आराम नसेल तर कारणाचा शोध. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून फाइल बंद करू नये, कारण मुलींमधले वरवरचे डाग तिच्यात सहसा दिसत नाहीत. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेने तर शस्त्रक्रियेशिवायही लक्षणांवरून उपचार सुरू करायला वाट दिली. ज्या अटीमुळे मुली इतकी वर्षे मोजणीबाहेर राहिल्या, तीच त्यामुळे सैल झाली.

आपल्याकडे या वाटेत आणखी एक अडसर असतो: अविवाहित मुलीला हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर पुढे मूल होणार नाही, ही आईवडिलांची धास्ती. ती खोटी ठरवून तिच्यावर चिडण्यात अर्थ नाही. तिचे निरसन करायला हवे. या गोळ्या थांबवल्यावर बीजनिर्मिती पुन्हा सुरू होते, आणि पुढच्या जननक्षमतेवर त्यांचा कायमचा परिणाम होत नाही. हे डॉक्टरांनी आईसमोर आणि मुलीसमोर, दोघींनाही उद्देशून, पहिल्याच भेटीत सांगावे.